व्हॉट्सॲप सोडायचंय म्हणतात सगळे, सोडत कोणीच नाही. असं का होतं?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय, राजकारण आणू नका प्लीज.

२०२५ च्या सप्टेंबर अखेरीस ते अरट्टाई नावाच्या देशी चॅट ॲपचं वारं आलेलं आठवतंय ना. मंत्री लोक स्वदेशी वापरा म्हणून पोस्टा टाकत होते, ते ॲप बनवणाऱ्या झोहो कंपनीचे श्रीधर वेंबू म्हणाले की तीन दिवसात रोजची नोंदणी तीन हजारावरून साडेतीन लाखावर गेली. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी फर्मान काढलं, उद्यापासून सगळे तिकडे. आणि खरं सांगतो, सगळे आले. आत्या आली, अमेरिकेतला मावसभाऊ आला, आजीच्या फोनमध्ये पण टाकून दिलं, थोडे दिवस गुड मॉर्निंगची फुलं तिकडेच पडत होती. मग दिवाळीला फराळाचे फोटो पडले ते थेट जुन्या ग्रुपवर, आणि टाकले कोणी तर फर्मानवाल्या काकांनीच.

२०२१ च्या जानेवारीत पण हेच झालेलं. तो प्रायव्हसी पॉलिसीचा पॉपअप आला होता, ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा म्हणून, नंतर बोंबाबोंब झाल्यावर १५ मेपर्यंत ढकलला. इलॉन मस्कने सिग्नल (हे पण चॅट ॲपच) वापरा एवढंच ट्विट टाकलं आणि दिवसभर माझ्या फोनवर अमका सिग्नलवर आला, तमका सिग्नलवर आला. आता सिग्नल उघडलं की शेवटचा मेसेज २०२१ चाच दिसतो.

तर प्रश्न असा की आपल्याला प्रायव्हसीची पडलेली नाही म्हणून असं होतं का, की आळस, की व्हॉट्सॲप खरंच इतकं भारी आहे? आणि इथे कोणी पूर्ण सोडलंय का? सोडलं असेल तर काय काय अडलं ते लिहा. कुठलं ॲप चांगलं यावर मारामारी नकोय, ती दुसऱ्या धाग्यावर चालूच आहे.


ओटीपी_आला_का

मी सोडलंय की. व्हॉट्सॲप सोडून इन्स्टावर आलो. मालक तोच आहे हे मागाहून कळलं.


जुना_नोकियावाला

गोदाकाठचे, जरा उलटीकडून बघा. लोक तिथे आले कसे ते आठवलं की जात का नाहीत ते आपोआप कळतं.

२०११ च्या आसपास आपण सगळे एसएमएसवर जगत होतो. महिन्याचं मेसेज पॅक मारायचं आणि नेमकं दिवाळी, थर्टी फर्स्टला ते पॅक चालायचं नाही, ब्लॅकआउट डे म्हणायचे त्याला, त्या दिवशी प्रत्येक शुभेच्छेचे पूर्ण पैसे कापले जायचे. त्यात ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या नियामकाने, टेलिमार्केटिंगवाल्यांना आवरायला म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये प्रत्येक सिमकार्डाला दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती २०० केली, पण कॉलेजच्या पोरापोरींचे २०० म्हणजे दुपारच्या आत खलास. अशा वेळी एक ॲप आलं जे आयफोनवर चालायचं तसं नोकियाच्या एस४० वाल्या साध्या फोनवर पण चालायचं, ज्याला ईमेल नको, युजरनेम नको, पासवर्ड नको, मोबाईल नंबर टाकला की फोनबुकमधले जे जे तिथे आहेत ते समोर हजर. कोणी कोणाला बोलावलं नाही हो, आपली फोनबुकंच तिकडे राहायला गेली. नंतरच्या प्रत्येक ॲपला माणसं एक एक करून बोलवावी लागली.

आणि व्हॉट्सॲप भारी आहे म्हणून टिकलं म्हणाल तर हाईक आठवा. २०१२ ला आलं, आपल्याच देशातलं, मराठी स्टिकर होते, चॅट लपवायची सोय होती, नेट बंद असलेल्या माणसाला मेसेज एसएमएसने जायचा. व्हॉट्सॲपने साधा कॉल दिला तो २०१५ ला, आणि २०१६ पर्यंत त्यांचं पहिलं वर्ष फुकट मग वर्षाला पैसे असं कागदावर तरी होतं. फीचर बघून लोक ॲप निवडत असते तर आज घराघरात हाईक असतं. ते बंद कधी पडलं माहितीये? जानेवारी २०२१. म्हणजे ज्या महिन्यात अख्खा देश व्हॉट्सॲपला पर्याय शोधत हिंडत होता त्याच महिन्यात पर्याय कुलूप लावून गेला.


तिरकस_पेठकर

नोकियावाले, उत्तम. माझे दोन पैसे.

प्रायव्हसीवरून सोडा असं सांगितलं की लोकांना ते पटत नाही याला कारण आहे, आणि लोक मूर्ख आहेत हे ते कारण नाही. व्हॉट्सॲपवरचा मजकूर २०१६ पासून एंड टू एंड एनक्रिप्टेड आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला वाचता येत नाही, आणि त्यासाठी वापरलेला प्रोटोकॉल सिग्नलवाल्यांचाच आहे. जातं ते बाकीचं, कोण कोणाशी कधी आणि किती वेळा बोलतं, कुठला फोन, कुठल्या दुकानाशी चॅट, मेटाडेटा म्हणतात त्याला. याने कोणाला काही दुखत नाही. गॅस सिलिंडर महागला की त्याच दिवशी कळतं, मेटाडेटा गेला ते कधीच कळत नाही. उलट २०२१ ला ज्यांनी उड्या मारल्या त्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की आता मार्क झुकरबर्ग आपले मेसेज वाचणार. ते तसं नव्हतं, त्यामुळे भीती उतरली आणि मंडळी घरी आली.

गंमत अशी की अरट्टाईवर धाड पडली तेव्हा त्याच्यावर फक्त कॉल एनक्रिप्टेड होते, चॅट नव्हते, ते काम नंतर झालं. प्रायव्हसीसाठी जातोय म्हणणाऱ्या किती जणांनी हे विचारलं होतं? आमच्या सोसायटीत तरी एकाने नाही.

आणि ब्रायन ॲक्टनबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. हा व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक. २०१४ ला फेसबुकला विकलं, १९ अब्ज डॉलरचा सौदा, २०१७ ला बाहेर पडला, २०१८ ला स्वतःचे पाच कोटी डॉलर घालून सिग्नल फाउंडेशन उभं केलं आणि वर लोकांना फेसबुक डिलीट करा असं जाहीर सांगितलं. ज्याने ते घर बांधलं त्याला लोकांना त्यातून बाहेर काढता येईना, तिथे तुमचे काका काय करणार.


डोंबिवलीची_अन्नपूर्णा

मी सहसा लिहीत नाही इथे, वाचते फक्त, पण आज लिहिते. मी घरून फराळ, उकडीचे मोदक, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. तुम्ही सगळे घरच्या ग्रुपचं बोलताय, धंद्याचं कोणी बोललं नाही.

माझ्या खोक्यावर, पिशवीवर, दुकानांत ठेवलेल्या कार्डांवर जो नंबर आहे तो व्हॉट्सॲपचा. बिझनेस ॲपवर कॅटलॉग केलाय, अनारशाचा फोटो आणि भाव बदलायचा तर तिथेच बदलते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ जणी मावतात आणि त्यातली मेख अशी की जिने माझा नंबर सेव्ह केलाय तिलाच माझा मेसेज पोचतो. म्हणजे ही नुसती नंबरांची यादी नाहीये, त्या प्रत्येकीने कधीतरी स्वतःच्या फोनमध्ये मला फराळवाल्या ताई, मोदकवाल्या काकू असं काहीतरी नाव देऊन ठेवलंय. नंबर मी वहीत उतरवून घेईन हो, हे कसं उतरवून घेऊ?

मुलगा म्हणाला आई टेलिग्रामवर चॅनल काढ. काढलं. तिथे आल्या कोण, तर माझ्यासारख्याच फराळ विकणाऱ्या बायका, माझे भाव बघायला. गिऱ्हाईक एक नाही. गिऱ्हाईक सकाळी चहा पिताना स्टेटस बघतं आणि त्यातच माझ्या चकल्या दिसतात, मुद्दाम माझं चॅनल उघडून कोण बघणार, मी पण दुसऱ्या कोणाचं बघत नाही.


गोदाकाठचा

ताई, नंबर सेव्ह असण्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

पण मग ऑर्कुट कसं सोडलं आपण? तिथे पण सगळे होते की. स्क्रॅपबुक, टेस्टिमोनियल, कम्युनिट्या. दोन तीन वर्षांत सगळे फेसबुकवर. २०१४ च्या ३० सप्टेंबरला गुगलने शटर ओढलं तेव्हा रडायला पण कोणी नव्हतं.


राजेहो_नागपूर

राजेहो, आळस बिळस काही नाही हे. आठवडी बाजार पाह्यला न तुम्ही? आमच्या गावाकडं बुधवारी भरते. आता कोणी म्हनलं का बुधवारी लय गर्दी होते, वसूलीवाला लुबाडते, चला आपन शुक्रवारी दुसऱ्या मैदानात भरवू, तर बोलाले सारेच हो म्हनतीन. पन शुक्रवारी जो पयला जाईन तो येडा ठरीन, कारन भाजीवाला गिऱ्हाईक पाहून येते अन् गिऱ्हाईक भाजीवाला पाहून येते. दोघायलेही जुनी जागा आवडत नाही अन् दोघंही तिथंच उभे.

ऑर्कुटचं म्हनाल तर तिथं काय होतं, आपले दोस्त अन् टाइमपास. त्याच्यावर कोनाचं पोट नव्हतं न कोनाची नोकरी. आता मी जिल्हा परिषदेचा मास्तर आहो (इथून जरा शुद्ध लिहितो नाहीतर पुणेकर अर्थ विचारतात). माझ्या फोनवर शाळांच्या केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा ग्रुप, निवडणुकीच्या ड्युटीचा ग्रुप, प्रत्येक वर्गाच्या पालकांचा ग्रुप. पत्रक येतं ते पीडीएफमध्ये ग्रुपवर, खाली लिहिलेलं असतं माहिती आज संध्याकाळपर्यंत, आणि निळी टिक आली की तुम्ही वाचलं असं धरतात. मी उद्या तत्त्व म्हणून व्हॉट्सॲप काढलं तर तत्त्व राहील आणि मेमो येईल.

पालकांचं तर आणखीच. ज्या घरात एक फोन आणि त्याच्यावर महिन्याचं सगळ्यात स्वस्त रिचार्ज, त्या माऊलीला मी आणखी एक ॲप टाक म्हणू? त्यांच्यासाठी नेट म्हणजे व्हॉट्सॲप आणि यूट्यूब. २०१८ ला ते जिओच्या बटणवाल्या फोनवर पण आलं, तेव्हापासून तर गावात सगळ्यांकडे झालं. सिग्नल, टेलिग्राम त्या फोनवर नव्हतीच.

अन् सरकारही तिथंच. मुंबई महापालिकेचा चॅटबॉट २०२२ पासून व्हॉट्सॲपवर. फेब्रुवारी २०२५ ला आपल्या राज्य सरकारनं मेटासंगं (व्हॉट्सॲप, फेसबुकची मालक कंपनी) करार केला का आपले सरकारच्या सेवा व्हॉट्सॲपवर देऊ. लोकांच्या सोयीचं आहे, नाही म्हनत नाही मी. पन एका हातानं स्वदेशी वापरा म्हनायचं अन् दुसऱ्या हातानं दाखला व्हॉट्सॲपवर द्यायचा, तं सामान्य मानूस जाईन कुठं?


तिरकस_पेठकर

पुणेकर अर्थ विचारत नाहीत, शुद्धलेखन तपासतात. बाकी बाजाराचं उदाहरण चोख.

एक भर घालतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद होते. त्या एका दिवसात टेलिग्रामला सात कोटी नवे लोक मिळाले असं त्यांच्या पावेल डुरोवने सांगितलं. म्हणजे लोकांना दुसरं ॲप टाकता येत नाही, वापरता येत नाही असं अजिबात नाही. त्या रात्री फक्त एवढंच झालं की सगळे एकाच वेळी बाहेर पडले, कोण आधी जाणार हा प्रश्नच उरला नाही. सकाळी जुनं चालू झालं आणि प्रश्न परत उभा राहिला.


ओटीपी_आला_का

त्या रात्री मी राउटर रीस्टार्ट करत बसलो होतो.


बॅकएंड_बंड्या

सगळ्यांचं बरोबर आहे पण मूळ गोष्टीवर कोणी बोट ठेवत नाहीये असं मला वाटतं, लांब होणार आहे, माफी.

सोडता येणं न येणं हे माणसांच्या स्वभावावर नाही, ती सेवा कशी बांधली आहे त्यावर आहे. २० जानेवारी २०११ ला देशभर मोबाईल नंबर पोर्टेबिलिटी आली (हरियाणात दोन महिने आधी, चाचणी म्हणून). त्याच्या आधी कंपनी कितीही वाईट असली तरी लोक चिकटून राहायचे कारण कंपनी बदलायची म्हणजे नंबर बदलायचा. तेव्हा पण लोक आळशीच होते म्हणा ना. मग नंबर सोबत नेता यायला लागला आणि तीच आळशी माणसं एसएमएस करून पोर्ट व्हायला लागली. आणि त्याहून महत्त्वाचं, तुम्ही कुठल्याही कंपनीत गेलात तरी बाकीच्या कंपन्यांच्या लोकांना फोन लागतोच. तुमच्या जाण्याला कोणाची परवानगी लागत नाही.

ईमेलचं तसंच. केंद्र सरकारच्या बारा लाखांच्या आसपास कर्मचाऱ्यांचा मेल झोहोवर नेला, पण त्यांना जीमेलवाल्याला मेल पाठवायला काही अडलं नाही. नवीन पत्ता कळवायचा त्रास आहे पण तो एकट्याचा त्रास आहे. चॅटमध्ये मात्र तुम्ही एकटे जाऊच शकत नाही, गेलात तर नुसते गप्प बसता. इथे सोडणं म्हणजे ॲप सोडणं नसतंच, माणसं सोडणं असतं, आणि त्यांनी काही तुमचं वाकडं केलेलं नसतं. म्हणून काकांनी फोटो जुन्या ग्रुपवर टाकले. फोटो दाखवायचे होते त्यांना, जिथे बघणारे होते तिथे टाकले. मला त्यात काका चुकले असं दिसत नाही.

आणि हे तांत्रिक कारणाने अशक्य आहे असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा की व्हॉट्सॲप सुरुवातीला एक्सएमपीपी नावाच्या खुल्या प्रोटोकॉलवरूनच बांधलं गेलं, त्यात वेगवेगळ्या सर्व्हरच्या लोकांनी एकमेकांशी बोलायची सोय मुळातच आहे. गुगल टॉकमध्ये पण ती होती. दारं होती, बुजवली.

भारतातल्या स्पर्धा आयोगाने पण नोव्हेंबर २०२४ मध्ये २०२१ च्या पॉलिसीवरून मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला तो याच कारणाने, की मान्य करा नाहीतर चालते व्हा असं म्हणायला समोरच्याला चालतं होण्याची जागा असावी लागते. पुढे ते अपिलात गेलं, पण मुद्दा तोच होता.


सह्याद्रीतला_भटक्या

तात्त्विक चर्चा मस्त चालू आहे पण धागाकर्त्याने विचारलंय की कोणी सोडून दाखवलंय का, तर हो, आम्ही. सगळं नाही, एक ग्रुप. ट्रेकचा.

आमच्या ट्रेकला नेहमीचे पंधरा वीस आणि बाकी दर वेळी नवीन लोक. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. हरिश्चंद्रगडाच्या एका ट्रेकनंतर ग्रुपमधल्या एकीला एका नवीन आलेल्या माणसाचे रोज रात्री मेसेज. त्याला काढला, पण नंबर गेला तो गेलाच. त्यानंतर दोन तीन मुली म्हणाल्या आम्ही ग्रुपमध्ये येत नाही, ट्रेकचं फोनवर कळवा. हा आमच्यासाठी खरा त्रास होता, मेटाडेटा वगैरे नाही. सिग्नलने फेब्रुवारी २०२४ मध्ये युजरनेम आणलं आणि समोरच्याला नंबर दिसणं आपोआप बंद झालं, तेव्हा आम्ही ठरवलं आता इथे.

आधी नुसतं या या म्हणून बोलावलं, जसं काकांनी केलं. अर्धे आले आणि दोन्हीकडे तेच तेच बोलणं चालू राहिलं. दोन्हीकडे असलेला माणूस शेवटी जुन्याच जागी बोलतो, कारण तिथे जास्त लोक असतात. मग कठोर झालो. जुन्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकेल असं सेटिंग केलं, शेवटचा मेसेज म्हणून नव्या ग्रुपची लिंक ठेवली आणि पुढच्या ट्रेकची तारीख, बस, पैसे सगळं फक्त सिग्नलवर. ज्याला यायचं होतं तो आला. राजगडाच्या ट्रेकला नाव द्यायचं असेल तर माणूस पाच मिनिटं काढून ॲप टाकतोच हो.

काय गमावलं ते पण सांगतो. वयाने मोठे असलेले तिघं चौघं गळाले, त्यातले एक काका वाटांचे जाणकार होते, त्यांना आता वेगळा फोन करावा लागतो. जुने फोटो आणि गप्पा जुन्याच ग्रुपमध्ये राहिल्या, सिग्नलमध्ये तिकडचं चॅट आणायची सोय नाही (टेलिग्रामने २०२१ ला दिली होती). आणि मधल्या वेळची चेष्टामस्करी कमी झाली, कारण सिग्नल लोक फक्त ट्रेकपुरतं उघडतात. ते मला थोडं खटकतं अजून.


राजेहो_नागपूर

भटक्या भाऊ, हे जबरा. तुमच्या बाजारात शुक्रवारीच भाजी भेटीन अशी सोय केली तुमी.

पन हे तिथंच चालते जिथं चावी तुमच्या हातात आहे. माह्या केंद्राच्या ग्रुपची चावी केंद्रप्रमुखाजवळ, त्यायची साहेबाजवळ, साहेबाची मुंबईले.


म्युनिकची_मराठी

बंड्या म्हणतो ती दारं उघडायचा प्रयोग इकडे चालू आहे म्हणून लिहिते. युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट नावाचा कायदा आहे, मोठ्या कंपन्यांना त्याची बंधनं मार्च २०२४ पासून लागू झाली. त्यात व्हॉट्सॲपला भाग पाडलंय की दुसऱ्या ॲपने मागितलं तर तुमच्या लोकांशी बोलायची सोय द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन ॲपं जोडली जाणार असं व्हॉट्सॲपने जाहीर केलं, बर्डीचॅट आणि हायकेट. नावं ऐकली आहेत का? मी पण नव्हती ऐकली. माझ्या ऑफिसात विचारलं तर जर्मन लोकांनी पण नव्हती ऐकली, आणि ते सेटिंग प्रत्येकाने स्वतः जाऊन चालू करावं लागतं, तेव्हा कल्पना करा.

ज्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत ते सिग्नल आणि थ्रीमा, दोघांनीही आम्हाला जोडायचं नाही असं सांगितलं. ऐकायला आडमुठेपणा वाटतो पण त्यांचं म्हणणं असं की आमचा माणूस तिकडच्या माणसाशी बोलायला लागला की कोण कोणाशी कधी बोललं ही माहिती मेटाकडे जाणारच, मग आमच्याकडे येऊन उपयोग काय. म्हणजे ज्याला पळून जायचंय त्याच्याच मागे दार उघडं राहतं. मला दोन्ही बाजू पटतात, त्यामुळे मी घोळात आहे.

आणि हे फक्त युरोपपुरतं. माझी आई साताऱ्यात, तिला या कायद्याचा काडीचा उपयोग नाही, त्यामुळे मी पण व्हॉट्सॲपवरच. इथल्या मराठी मंडळाचा गणपतीचा ग्रुप, ढोल पथकाचा ग्रुप, पुलावाचे टोप कोण आणणार त्याचा ग्रुप, सगळं तिथेच. परदेशात असलं की ते सोडणं जास्त अवघड होतं, कमी नाही, कारण इकडचे आणि तिकडचे दोन्ही लोक एकाच ठिकाणी मिळतात अशी ती एकच जागा आहे.


ओटीपी_आला_का

बंड्याला एक विचारायचंय. यूपीआयमध्ये तर सगळी दारं उघडी आहेत ना, कुठल्याही ॲपवरून कुठल्याही ॲपला पैसे जातात. मग तिथे पण सगळा देश दोनच ॲपांवर का?


बॅकएंड_बंड्या

मला वाटलंच हे येणार, आणि बरोबर पकडलंस. फोनपे आणि गुगल पे मिळून पाचातले चार व्यवहार होतात साधारण. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्येच जाहीर केलं होतं की एका ॲपला ३० टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही, आणि ती मुदत पुढे ढकलत ढकलत आता ३१ डिसेंबर २०२६ वर आली आहे. सरकारी भीम २०१६ पासून आहे आणि कोपऱ्यात बसलाय.

तर दारं उघडली की गर्दी पांगते असं मी म्हणणार नाही. गर्दी कॅशबॅकने, सवयीने, दुकानातल्या त्या बोलणाऱ्या डबीने होते आणि आधी आला त्याचीच जास्त होते. पण फरक बघ. मी उद्या फोनपे काढून भीम टाकलं तर कोपऱ्यावरच्या वाण्याला कळणार पण नाही, त्याला पैसे मिळतात, मला दूध मिळतं, बायकोला मेसेज टाकून ग्रुपची सभा घ्यावी लागत नाही. तिथे मी राहतो ते माझ्या सोयीने. आणि त्या कंपनीला पण माहिती असतं की त्रास दिला तर हा माणूस जेवणाच्या सुट्टीत निघून जाऊ शकतो, त्यामुळे ती जरा जपून वागते. चॅटवाल्यांना ती भीती नाही.

म्युनिकवाल्या ताईंच्या शंकेवर माझ्याकडे पण उत्तर नाही, मेटाडेटाचा प्रश्न खरा आहे.


तिरकस_पेठकर

बंड्या, जपून वागते हे जरा जास्तच झालं, पण मुद्दा मान्य. सोडायची सोय असणाऱ्याने सोडलंच पाहिजे असं नाही.

एकच शंका. सगळ्यांना हलवून सिग्नलवर नेलं समजा. ते चालतं लोकांच्या देणग्यांवर. २०२१ च्या त्या जानेवारीत गर्दी झाली तेव्हा १५ तारखेला बसलंच होतं, जवळपास दिवसभर. आपल्याकडे सरकारच्याच आकड्याने २०२१ ला व्हॉट्सॲपवर ५३ कोटी लोक होते. त्यांच्या गुड मॉर्निंगच्या गुलाबांचा सर्व्हर खर्च कोण देणार? वर्षाला शंभर रुपये द्यायला या धाग्यावरचे किती जण तयार आहेत, हात वर करा.


सह्याद्रीतला_भटक्या

मी देतो. ग्रुपच्या खात्यातून, ट्रेकच्या फीमध्ये धरून.


डोंबिवलीची_अन्नपूर्णा

वर्षाला शंभर मी पण देईन पण मग २५६ ची अट काढा म्हणावं.

भटक्या दादा, तुमचं वाचून मी विचार केला. गिऱ्हाइकं मी हलवू शकत नाही पण माझ्याकडे मदतीला येणाऱ्या आठ बायका आहेत, कोणी किती चकल्या करायच्या, कोणाचे किती पैसे द्यायचे, ते सगळं त्याच फोनवर गिऱ्हाइकांच्या मेसेजमध्ये हरवतं. तो ग्रुप दुसरीकडे नेला तर चालेल का? दोघींकडे साधेच फोन आहेत, जागा नसते, मुलांचे व्हिडिओ भरलेले असतात. आणि हो, जुन्या ग्रुपमधला हिशोब काढून ठेवता येतो का कसा ते कोणी सांगा.


बॅकएंड_बंड्या

येतो ताई. ग्रुप उघडा, वरचे तीन ठिपके, अधिक, मग चॅट एक्सपोर्ट करा. मीडियाशिवाय निवडा नाहीतर फाइल फार मोठी होते. ती स्वतःलाच मेल करून ठेवा, साधी टेक्स्ट फाइल येते, त्यात नाव तारखेसकट सगळं शोधता येतं. हिशोबाचे फोटो ग्रुपवर टाकले असतील तर ते मात्र वेगळे सेव्ह करा, ते यात येणार नाहीत.

साध्या फोनवाल्या दोघींसाठी आधी जागा मोकळी करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आहे, तिथे कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते दिसतं, मोठे व्हिडिओ तिथूनच उडवा. बहुतेक एकट्या माहेरच्या ग्रुपनेच अर्धा फोन भरलेला निघेल.